एका माणसाचे अख्खे आयुष्य सांगणारी कादंबरी कशी वाचावी

एकाच माणसाचे बालपणापासून मृत्यूपर्यंतचे आयुष्य आणि त्यात त्याने गमावलेली माणसे हाच ज्या कादंबरीचा विषय असतो, ती ‘पुढे काय झाले’ या उत्सुकतेवर वाचून फारसे हाती लागत नाही. अशा वाचनाची सवय लावून घेण्यासाठी रॉबर्ट झेटालर या ऑस्ट्रियन लेखकाची 2014 साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झालेली आणि शार्लट कॉलिन्स यांनी ‘अ होल लाइफ’ या नावाने इंग्रजीत आणलेली कादंबरी उत्तम आहे. ती जेमतेम दीडशे पानांची असल्यामुळे एका संध्याकाळीत संपू शकते, पण तसे करू नये. तीन-चार बैठकांत वाचावी.

वाचताना जवळ पेन्सिल ठेवावी आणि साल बदलले की समासात नोंद करावी. ही कादंबरी 1933 च्या फेब्रुवारीत सुरू होते. नायक आन्ड्रेआस एगर शेळ्या राखणाऱ्या एका मरणासन्न माणसाला पाठीवर घेऊन बर्फातून खाली गावाकडे निघाला आहे. त्यानंतर कथा 1902 मध्ये जाते, जेव्हा पोरका एगर लहान मूल म्हणून त्या खोऱ्यात आला होता. लेखकाने आयुष्याची सुरुवात सोडून मधल्याच दिवसापासून का सांगायला घेतले, हा प्रश्न मनात ठेवावा, मात्र त्याचे उत्तर शोधण्याची घाई करू नये. कादंबरी संपल्यावर पहिले प्रकरण पुन्हा वाचले, तर त्या शेळ्या राखणाऱ्याचे मृत्यूविषयीचे बोलणे वेगळेच ऐकू येते.

समासातल्या नोंदींचा खरा उपयोग असा, की कोणत्या वर्षाच्या वाट्याला किती पाने आली ते दिसते. एगर मारीला लग्नाची मागणी घालतो, तेव्हा रात्री डोंगरउतारावर पेटवलेल्या ज्वाळांतून तिच्या नावाची अक्षरे उमटतात. हा प्रसंग लेखक निवांतपणे सांगतो. उलट दुसऱ्या महायुद्धात पकडला गेल्यावरचा रशियातला अनेक वर्षांचा बंदिवास मोजक्या पानांत उरकतो. हे प्रमाण म्हणजे लेखकाचे एक विधानच आहे, आणि माझ्या मते कादंबरीचे निम्मे मर्म तिथेच सापडते.

हिमस्खलनात मारी जाते, तो भाग सावकाश वाचावा. पण त्यापुढची पाने त्याहून सावकाश. एगर मितभाषी आहे आणि लेखकही त्याच्या मनात फार डोकावत नाही, त्यामुळे दुःख संवादांत शोधू गेल्यास निराशा पदरी पडते. ते त्याच्या कामात आणि शरीरात पाहावे लागते. लहानपणी शेतकऱ्याने केलेल्या मारहाणीत त्याचा पाय मोडला आणि तो जन्माचा लंगडा झाला; तरीही हाच माणूस पुढे दोरमार्ग उभारणाऱ्या कंपनीत अंगमेहनतीची, धोक्याची कामे करतो. एखाद्या मृत्यूनंतर तो कोणते काम हाती घेतो, कुठे राहतो, कोणाशी बोलणे टाळतो, हे टिपत गेल्यास लेखकाने न लिहिलेलेही कळू लागते.

शेवट आधीच कळला म्हणून वाचनाचा विरस होईल ही भीती येथे अनाठायी आहे. अमेरिकन लेखक जॉन विल्यम्स यांच्या 1965 च्या ‘स्टोनर’ या कादंबरीत पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे, की नायक 1910 मध्ये एकोणिसाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला आणि 1956 मध्ये मरेपर्यंत तिथेच शिकवत राहिला. एवढे कळल्यावरही पुढची पाने खिळवून ठेवतात, कारण तो कसा जगला हे अजून कळायचे असते.

कीव येणे स्वाभाविक आहे. मात्र तिथेच थांबणे हा नायकावर अन्याय होय. स्टोनरच्या संसाराची पडझड वाचताना सगळा दोष पत्नीच्या माथी मारण्याआधी, मुलीच्या बाबतीत तो स्वतः कुठे गप्प राहिला, हे तपासावे. एगरच्या बाबतीत प्रश्न उलटा विचारावा: आपण ज्याला दुर्दैवी समजतो, तो स्वतःला तसे समजतो का? म्हातारपणीची पाने या दृष्टीने वाचल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते.

अशा कादंबरीवर टिपण लिहायचे किंवा वाचनमंडळात बोलायचे असेल, तर कथानक सांगत बसू नये. ते ऐकायला केवळ आपत्तींची यादी वाटते. त्याऐवजी दोन शेजारची पाने निवडावीत, ती मोठ्याने वाचावीत आणि त्या दोन पानांत किती काळ उलटला, एवढ्यावरच चर्चा सुरू करावी.