ऐतिहासिक रहस्यकथा कशी वाचावी आणि कुणाच्या हाती द्यावी

मी लोकांना पुस्तकं वाचायला देते आणि त्याची वही ठेवते. त्या वहीत एक रकाना आहे: 'कितव्या पानावर परत आलं'. उंबेर्तो एको यांच्या 'द नेम ऑफ द रोज'समोर त्यात 30, 44 आणि 71 असे आकडे आहेत. तिघंही चांगले वाचणारे. चूक माझी होती. 'मठात खून होतात, जबरदस्त आहे' एवढं सांगून मी 1327 सालात घडणारं ते जाडजूड पुस्तक त्यांच्या गळ्यात मारलं होतं.

खरं तर एकोंनी स्वतःच लिहून ठेवलंय की पहिली शंभर पानं जरा कमी करा, असा सल्ला त्यांना मित्रांनी दिला होता. त्यांनी ऐकलं नाही. ज्याला त्या मठात सात दिवस राहायचंय त्यानं मठाच्या चालीनं चालायला शिकावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं, पण हे पुस्तक देताना सांगायला हवं होतं.

त्यामुळे 'तुम्हाला कोणता काळ आवडतो?' असं मी हल्ली विचारत नाही. 'शिवकाळ', 'पेशवाई', 'रोमन' अशी उत्तरं येतात आणि त्यातून काही कळत नाही. मी विचारते: शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं, आणि का सोडलं? यावर लोक भडाभडा बोलतात.

'नावांचा गोंधळ होतो,' हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. माझ्या धाकट्या दिरांचं हेच. 'वहिनी, पन्नास पानांत चाळीस माणसं, मला काय जनगणना करायचीय?' भाऊजींना मी एलिस पीटर्स यांची ब्रदर कॅडफेल मालिका दिली. वीस कादंबऱ्या, सगळ्या 1137 ते 1145 या आठ-नऊ वर्षांतल्या, बहुतेक इंग्लंडमधल्या श्रूझबरीच्या एकाच मठाभोवती. नावं एकदा पाठ झाली की झाली. मात्र पहिल्या भागापासून सुरू करण्याचा हट्ट धरू नका. मी दुसरा भाग देते आणि तो देताना फक्त एवढंच सांगते: 1138 साल, किल्ला पडलाय, राजानं 94 जणांना फासावर चढवलंय. पूर्वी धर्मयुद्धात लढलेला एक प्रौढ साधू ती प्रेतं पुरण्यापूर्वी मोजतो, तर ती भरतात 95.

बस्स. 'त्या काळाचं सुंदर चित्रण आहे' हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या वाक्यानं आजवर कुणी पान उलटलेलं मी पाहिलेलं नाही. एक प्रसंग सांगा, तोही उत्तर न फोडता.

'खरं किती आणि रचलेलं किती हे कळत नाही, म्हणून चीड येते,' असं म्हणणारा वाचक वेगळा. त्याला जोसेफिन टे यांची 1951 सालची 'द डॉटर ऑफ टाइम' द्या. पाय मोडून दवाखान्यात पडलेला एक पोलीस अधिकारी खाटेवरूनच पंधराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाचा, तिसऱ्या रिचर्डचा तपास करतो: दोन अल्पवयीन पुतण्यांना त्यानंच मारलं का? साधनं म्हणजे पुस्तकं, जुने कागद आणि एक चित्र. सोबत एवढा इशारा मात्र द्या की लेखिका इथे न्यायाधीश नाही, वकील आहे. 2012 साली लेस्टरमध्ये गाड्या लावायच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. कणा वाकडा होता एवढं त्यावरून कळलं, पुतण्यांचं काय झालं ते नाही.

आणि 'मला इतिहास नकोच' म्हणणाऱ्यांसाठी अगाथा ख्रिस्ती. इसवी सनापूर्वी सुमारे 2000 वर्षांच्या इजिप्तमध्ये घडणारी 'डेथ कम्स ॲज द एंड' ही त्यांची कादंबरी. म्हातारा बाप तरुण रखेल घरी आणतो, मुलं-सुना धुसफुसतात, आणि मग एकेक मरायला लागतं. यात पिरॅमिडबिरॅमिड फारसे नाहीत, घर आहे. गंमत म्हणजे हे घर हवेतून आलेलं नाही. हेकानख्त नावाच्या माणसानं परगावाहून घरी लिहिलेली पत्रं थीब्जजवळच्या एका थडग्यात सापडली होती. कुणाला किती धान्य द्यायचं याचा हिशेब, रेशन कमी वाटलं तर कुरकुर करू नका असा दम, माझ्या नव्या बायकोला नीट वागवा अशी ताकीद. चार हजार वर्षांपूर्वीचा खवट कुटुंबप्रमुख! एवढं सांगितलं की 'इतिहास नको' म्हणणारेही हात पुढे करतात.

आता स्वतः वाचताना काय करायचं ते. मी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहिते: साल कोणतं, रात्री उजेड कशाचा, आणि बातमी पोचायला किती दिवस लागतात. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पानिपतानंतरची ती 'दोन मोती गळाले' वाली सावकारी चिठ्ठी आपल्याला पाठ असते, पण लढाई 14 जानेवारी 1761 ला संपली आणि पुढचे कित्येक दिवस मागची माणसं मेलेल्यांना जिवंत समजून बेत करत होती, हे आपण विसरतो. रहस्यकथेत हाच खुन्याचा वेळ असतो. आज फोनवर मिनिटात उघडी पडणारी थाप तेव्हा महिनाभर सुखानं जगायची.

उजेडाचंही तसंच. काडी ओढून मेणबत्ती लावणारा नायक 1790 सालात दिसला तर समजा लेखकाची डुलकी लागलीय. घासून पेटणाऱ्या काड्या विकायला सुरुवात झाली 1827 मध्ये.

पुरावा कोणता चालेल हेही सालच ठरवतं. आर्सेनिक शोधायची जेम्स मार्श यांची चाचणी 1836 ची. त्याआधीच्या कथेत विषाचा संशय खात्रीनं सिद्ध करणं महाकठीण, म्हणून तपास करणाऱ्याला पेला कुणी भरला, कुणी उचलला, कोण जेवायला बसलंच नाही, यावर यावं लागतं. बोटांच्या ठशांची कचेरी कलकत्त्यात निघाली 1897 मध्ये, स्कॉटलंड यार्डात 1901 मध्ये. म्हणजे त्याआधीचा गुप्तहेर माणसं वाचतो. मला या कथा आवडतात त्या यासाठीच. प्रयोगशाळेचा अहवाल आला की माझी झोप वाढते.

चूक आणि सूट यांत फरक करायला शिका. रॉबर्ट व्हान ग्युलिक यांचा न्यायाधीश डी हा सातव्या शतकातल्या खऱ्या चिनी अधिकाऱ्यावर बेतलेला, पण कथांमधले रीतिरिवाज कित्येक शतकांनंतरच्या मिंग काळातले. जुने चिनी कथाकार असंच करत, म्हणून मीही केलं, हे ते स्वतःच टिपणात सांगतात. सांगून घेतली ती सूट. काडीसुद्धा मी एकवेळ पोटात घालते, पण बाराव्या शतकातला नायक प्रत्येक बाबतीत आपल्यासारखाच विचार करतो तेव्हा मी पुस्तक मिटते. तो त्या काळात राहतच नाही, नुसते कपडे घालून आलाय.

लेखकाचं शेवटचं टिपण? खऱ्या व्यक्तीचं आयुष्य सांगणारी कादंबरी असेल तर आधी वाचा, कुठे कल्पना आहे ते ठाऊक असलेलं बरं. रहस्यकथा असेल तर अजिबात नको. एकदा ते सवयीनं आधी वाचलं आणि तिसऱ्याच ओळीत खुन्याचं नाव भेटलं.

वहीतल्या त्या 44 आकड्याचे मालक म्हणजे भाऊजीच. कॅडफेलचे पाच भाग संपवून ते गेल्या पावसाळ्यात आले आणि दारातूनच म्हणाले, 'वहिनी, ते मठाचं जाडं पुस्तक आहे का अजून?' या वेळी देताना पहिल्या शंभर पानांचं सगळं सांगितलं. त्यांच्या नावापुढचा रकाना अजून कोरा आहे. पुस्तकही परत आलेलं नाही.