पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही? या चुका टाळा

घरचा कॅमेरा बाहेरून बघता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडला, म्हणजे फॉरवर्डिंगचा नियम लिहिला, राउटर तीनदा बंद-चालू केला, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. मग नियम पुसून पुन्हा तोच लिहिणं सुरू होतं. नियम बहुतेक वेळा बरोबरच असतो!

नॅटचं, म्हणजे राउटरच्या पत्ते बदलण्याच्या सोयीचं, काम साधं आहे. १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता इंटरनेटवर चालत नाही. म्हणून पॅकेट (डेटाचा तुकडा) बाहेर जाताना राउटर त्यावर स्वतःचा वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता टाकतो, गरज पडल्यास पोर्टही बदलतो आणि तशी नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ते त्या-त्या उपकरणाकडे पाठवतो. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, त्यामुळे ते आत जात नाही. फॉरवर्डिंग म्हणजे ही नोंद आपण आधीच हाताने करून ठेवणं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वॅन पत्ता न बघणं. राउटरच्या स्टेटस पानावरचा पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा आयपीव्ही४ पत्ता जुळतात का? वॅन पत्ता १९२.१६८ चा असेल तर पुढे आणखी एक राउटर बसलाय, बहुधा इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेम. त्याला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो स्वतः नॅट करणार नाही. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर नॅट कंपनीकडेच होतंय. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. इथे तुमच्या राउटरवर कितीही डोकं आपटा, उपयोग नाही. सार्वजनिक आयपी मागा, नाहीतर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, ज्यांना नॅट लागत नाही) किंवा बाहेरच्या सर्व्हरपर्यंत व्हीपीएन (खासगी जोडणी) वापरा.

पत्ता जुळला? मग कॅमेऱ्याचा आतला पत्ता डीएचसीपीत (राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सोयीत) राखून ठेवा, नाहीतर तो बदलला की नियम भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवतो. आणि चाचणी घरच्या वायफायवरून करू नका. आतून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाणं, म्हणजे हेअरपिन, अनेक राउटरना जमत नाही. मोबाइल डेटावरून बघा.

वैतागून डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे पाठवणारी सोय) चालू करणं तर नकोच; त्या उपकरणाचे सगळे पोर्ट उघडे पडतात.

व्हीपीएन थोडा वेळ शांत राहिला की तुटतो, ही तक्रार मात्र वेगळी. यूडीपीची (अनेक व्हीपीएन वापरतात त्या डेटा पाठवण्याच्या पद्धतीची) नोंद काही राउटर ३० सेकंदांतच पुसतात. वायरगार्ड हे व्हीपीएन असेल तर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (नोंद जिवंत ठेवायला अधूनमधून पॅकेट पाठवणारी सेटिंग) २५ सेकंदांवर ठेवा.