रायझन ५ ५६०० ओव्हरक्लॉक करायला बसण्याआधी

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. पहिल्यांदा मदरबोर्ड पाहा. ५६०० या एएमडी प्रोसेसरचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) उघडा, म्हणजे बदलता येण्याजोगा, असला तरी ए३२० किंवा ए५२० चिपसेटच्या (मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्डवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५०, बी५५० किंवा एक्स५७० सारखा चिपसेट लागतो. वॉरंटीचं गणितही आत्ताच करा. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडी वॉरंटीत धरत नाही, आणि बायोसमधला (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणारा पर्यायही ओव्हरक्लॉकिंगच मानला जातो.

खोक्यात येणारा रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगापुरता ठीक. त्याच्या भरवशावर वेग वाढवायला गेलात तर फक्त पंख्याचा आवाज वाढेल. चार हीटपाइपांचा, १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर घ्या. जुना कूलर काढताना मात्र सरळ वर ओढू नका. एएम४ या ५६०० च्या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट घट्ट धरलेली असेल तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं लोडवर चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. प्रोसेसर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मध्यभागी वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावा.

आता परतीची वाट. डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर हवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवा, कारण बायोस अपडेटनंतर विंडोज ती मागू शकतं आणि की त्याच मशीनमध्ये असेल तर पंचाईत. बायोस अपडेट यूपीएसवरच करा. मध्येच वीज गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची भीती असते. सीमॉस क्लिअरचा जम्पर (बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणणारी बोर्डवरची जोडणी) कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आधीच शोधा. स्क्रीन काळी पडल्यावर मॅन्युअल डाउनलोड करणार कशावर?

काही बदलण्याआधी मूळ आकडे टिपा: सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला ताण देऊन गुण देणारी चाचणी) दहा मिनिटं, सोबत तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४. गुण, कमाल तापमान आणि खोलीचं तापमान, तिन्ही लिहा. तिसरा आकडा बहुतेक जण विसरतात. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारं मशीन मे महिन्यात नागपूरच्या ३८ अंशांच्या खोलीत सरळ ९० ला टेकतं. थंडीत केलेली चाचणी उन्हाळ्यासाठी ग्राह्य धरू नका.

रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारं तयार प्रोफाइल) लावायचं असेल तर ते आधी लावा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा पूर्ण फेरा होऊ द्या. रॅम आणि प्रोसेसर एकाच दिवशी छेडले तर चूक कोणाची ते कळत नाही.

सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ठरावीक वेग आणि ठरावीक व्होल्टेज देण्याची जुनी पद्धत इथे टाळाच. त्यात एका कोअरवरचा बूस्ट (गरजेपुरता आपोआप वाढणारा वेग) जातो, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: १.२० वरून १.३० व्होल्ट केले तर त्याच वेगाला सुमारे १७ टक्के जास्त. त्याऐवजी पीबीओ चालू करून त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) सर्व कोअर उणे १० वर ठेवा. दर अंकामागे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. आठवडाभर ठीक चाललं तरच उणे १५. वेग वाढवण्याचा वेगळा आकडा, कमाल २०० मेगाहर्ट्झ, सगळ्यात शेवटी.

इथे नवखे हमखास फसतात. सिनेबेंच तासभर चालतं, आणि मशीन ब्राउझर उघडताना रीस्टार्ट होतं. कारण हलक्या कामात एखादाच कोअर सर्वांत वरच्या वेगावर उडी मारतो, आणि कापलेलं व्होल्टेज तिथे अपुरं पडतं. म्हणून कोअरसायकलर या प्रोग्रॅमने एकेक कोअर तपासा, मशीन रात्रभर काही काम न देता नुसतं चालूही ठेवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणारी) १८ क्रमांकाची नोंद दिसली तर त्या कोअरला पाच अंक परत द्या, म्हणजे उणे १० चे उणे ५ करा. बाकीच्यांना हात लावू नका.

जमलेले आकडे वहीत लिहून ठेवा. बायोसमध्ये सेव्ह केलेलं प्रोफाइल पुढच्या अपडेटमध्ये बहुधा पुसलं जातं.