ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्यापूर्वी टेप ड्राइव्हसाठी करावयाची तयारी

ज्या सर्व्हरला एलटीओ (बॅकअपसाठीच्या चुंबकीय टेपचा एक प्रमाणित प्रकार) टेप ड्राइव्ह जोडलेला आहे, त्यावरील लिनक्सची आवृत्ती बदलायची ठरली की तपासणीला सुरुवात ड्राइव्हपासून नव्हे, तर तो ज्या एसएएस कार्डाला (डिस्क, टेप यांसारखी उपकरणे सर्व्हरशी जोडणाऱ्या कार्डाला) जोडलेला असतो त्या कार्डापासून करावी. आमच्या कार्यालयात एका शनिवारी रात्री नवी आवृत्ती चढवली आणि टेप दिसेनाशी झाली, तेव्हा रविवारची दुपार आम्ही केबल काढून पुन्हा बसवण्यात आणि क्लीनिंग कार्ट्रिज फिरवण्यात घालवली. ड्राइव्हचा हिरवा दिवा मात्र पूर्ण वेळ शांतपणे जळत होता. दोष होता तो कार्डात, किंवा खरे तर कार्ड आणि नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) यांच्या तुटलेल्या ओळखीत.

त्यामुळे जुनी सिस्टीम चालू असतानाच एलएसपीसीआय ही जोडलेल्या कार्डांची यादी देणारी कमांड के आणि एनएन या पर्यायांसह चालवून कार्डाचे नाव, त्याचा व्हेंडर व डिव्हाइस क्रमांक आणि सध्या वापरात असलेला ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा सॉफ्टवेअरचा भाग) हे तिन्ही तपशील कागदावर उतरवून घ्यावेत. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली, तेव्हा एमपीटी३एसएएस हा एसएएस कार्डांचा ड्रायव्हर तिच्यात होताच, पण तो ज्या कार्डांना ओळखतो त्यांच्या यादीतून एसएएस २००८सारख्या जुन्या चिपांचे क्रमांक वगळण्यात आले होते. अशा वेळी कार्ड यादीत दिसते, ड्रायव्हरही सिस्टीममध्ये असतो, मात्र कार्डाच्या नावाखाली वापरातील ड्रायव्हर सांगणारी ओळ येत नाही, आणि नेमकी ही न आलेली ओळ घाईत नजरेतून सुटते. नव्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणांत वगळलेल्या उपकरणांचा भाग असतो. त्यात आपला क्रमांक आढळल्यास एल रेपोसारख्या जादा ड्रायव्हर पुरवणाऱ्या ऑनलाइन भांडारातून जुन्या कार्डांसाठीचे मॉड्यूल (ड्रायव्हरची फाइल) घ्यायचे की कार्डच बदलायचे, हा निर्णय आधी घ्यावा. नवे कार्ड घेताना साधे एचबीए, म्हणजे उपकरणे फक्त जोडून देणारे कार्ड घ्यावे. अनेक रेड (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारी) कार्डे हार्ड डिस्क उत्तम सांभाळतात, पण टेप ड्राइव्ह पुढे जाऊ देत नाहीत.

कार्डानंतर पाळी येते ती टेपच्या स्वतःच्या ड्रायव्हरची. त्याचे नाव एसटी. (महाराष्ट्रात हे नाव ऐकून लाल डबा आठवणारच, त्याला इलाज नाही.) तो ड्राइव्हला दोन नावे देतो: एसटी शून्य आणि एनएसटी शून्य. पहिल्या नावाने काम केल्यास ते संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते, त्यामुळे त्याच नावाने लागोपाठ दोन बॅकअप घेतले तर दुसरा पहिल्यावरच लिहिला जातो. म्हणून आपल्या सगळ्या स्क्रिप्टांमध्ये कोणते नाव आहे ते पाहून ठेवावे. एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर नव्या सिस्टीममध्ये त्यांचे क्रमांक उलटसुलट होऊ शकतात, त्यामुळे डेव्ह डिरेक्टरीतील टेप या फोल्डरात अनुक्रमांकावरून तयार होणारी कायम नावे वापरणे सोयीचे ठरते. ऑटोलोडर (टेपा आपोआप बदलणारे यंत्र) असल्यास त्याचा यांत्रिक हात, म्हणजे चेंजर, हे वेगळे उपकरण मानले जाते व त्याच्यासाठी सीएच हा वेगळा ड्रायव्हर असतो, म्हणून एलएसएससीएसआय या कमांडने मिळणाऱ्या उपकरणांच्या यादीत ड्राइव्ह आणि चेंजर या दोन्ही ओळी आहेत का, हे बदलापूर्वी आणि बदलानंतर ताडून पाहावे.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती ब्लॉकच्या, म्हणजे टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याच्या आकारामुळे. टेप हाताळणाऱ्या एमटी कमांडला स्टेटस विचारला की ब्लॉकचा आकार कळतो. तो शून्य असेल तर बदलता आकार आणि ५१२ किंवा अन्य आकडा असेल तर ठरावीक आकार, असा त्याचा अर्थ. जुन्या सिस्टीममध्ये २५६ किलोबाइटचे ब्लॉक लिहिलेली टेप नव्या सिस्टीममध्ये टारच्या (फाइली एकत्र बांधून टेपवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कमांडच्या) नेहमीच्या १०,२४० बाइटच्या मापाने वाचायला गेल्यास 'मेमरी मिळत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. त्याचा सर्व्हरच्या रॅमशी काहीही संबंध नसतो. टेपवरचा ब्लॉक वाचणाऱ्याच्या बफरमध्ये मावत नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. टारला बी ५१२ हा पर्याय दिला की तीच टेप मुकाट्याने वाचली जाते. आकार माहीत नसल्यास, बदलता आकार लावून, डीडी या कच्चा डेटा उतरवणाऱ्या कमांडने १ मेगाबाइटच्या मापाने एकच ब्लॉक फाइलमध्ये उतरवावा. त्या फाइलचा आकार हाच ब्लॉकचा आकार.

त्याच वेळी ड्राइव्हही बदलणार असाल, तर कपाटातील टेपांच्या पिढ्या मोजून घ्याव्यात. एलटीओ ७पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागचे वाचत असत. एलटीओ ८ मात्र फक्त सातव्या व आठव्या पिढीची टेप घेतो आणि सहावीला नकार देतो, ज्यावर कोणत्याही ड्रायव्हरचा उपाय चालत नाही.

शेवटी, जुन्या सिस्टीममध्ये एक चाचणी-टेप लिहून तिच्यावरील फाइलींचे चेकसम (मजकूर जसाच्या तसा आहे का हे पडताळणारे आकडे) वेगळ्या यंत्रावर जपून ठेवावेत, आणि नव्या सिस्टीममध्ये तीच टेप पूर्ण उतरवून चेकसम जुळेपर्यंत जुनी बूट डिस्क पुसू नये.