ॲप बदलण्याआधी या चुका टाळा

“दादा, फोटोसाठी एखादं भारी ॲप सांगा ना.” असं कुणी विचारलं की मी आधी त्याचा फोन उलटा करून लेन्स बघतो. बहुतेक वेळा त्यावर बोटांचे तेलकट ठसे असतात. दिव्यांभोवती जो धुरकट उजेड पसरतो, तो त्यामुळे. कुठलंही ॲप तो पुसत नाही, चष्म्याचं फडकं पुसतं.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. फोटो एडिट करायचं स्नॅपसीड हे ॲप मी रोज वापरतो. ते फुकट आहे, जाहिरातींचा जाच नाही, आणि त्याचाच सगळ्यात जास्त छळ होतो. नव्या माणसाला त्यातली ‘एचडीआर स्केप’ किंवा ‘स्ट्रक्चर’ ही बारीक तपशील उठावदार करणारी साधनं सापडली की तो बोट शेवटपर्यंत सरकवूनच थांबतो. पावसाळ्यातला सह्याद्री आधीच हिरवागार. त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, चढवलं की डोंगर दारावरच्या प्लास्टिकच्या तोरणासारखा दिसतो. ढग डांबरासारखे, झाडांच्या कडेने पांढरी रेघ, आणि फ्रेममध्ये माणूस असेल तर तो चार रात्री झोपला नसावा असा चेहरा. माझी सवय अशी: ‘वा!’ वाटेल तिथवर स्लायडर न्यायचा आणि मग निम्म्यावर आणायचा. फोन बाजूला ठेवून चहा घ्यायचा. परत बघितल्यावर बऱ्याचदा तो निम्माही जास्त वाटतो. शिवाय केलेले बदल पुन्हा उघडून, ब्रशने हवे तिथेच लावायची सोय त्यात आहे. म्हणजे स्ट्रक्चर डोंगराला द्यायचं, चेहऱ्याला नाही. शिकायला दहा मिनिटं लागतात. तेवढा धीर नसतो, पण प्रीसेट, म्हणजे तयार एडिट, विकत घ्यायला पैसे असतात!

दुसरी चूक आमच्याच घरात झाली. काकांची पंच्याहत्तरी होती. पुतण्याने त्यांचा अंगणात हसतानाचा एक सुरेख फोटो काढला होता. तो मोठा करून भिंतीवर लावायचा ठरलं, बारा बाय अठरा इंच. पुतण्याने फोटो व्हॉट्सॲपवर आत्याला पाठवला, आत्याने वरून एक फिल्टर मारला आणि परत व्हॉट्सॲपवरच मला. मी प्रिंटला टाकायला गेलो तर व्हॉट्सॲपने दाबून फाईल १६०० बाय १२०० पिक्सेलची केलेली. अठरा इंचांवर ती ताणली की इंचाला जेमतेम नव्वद ठिपके. काकांची दाढी म्हणजे नुसता ओला राखाडी लपका. मूळ फोटो १२ मेगापिक्सेलचा होता, ४००० बाय ३०००. त्यातून इंचाला दोनशेच्या वर ठिपके मिळाले असते आणि एवढ्या प्रिंटला ते पुरतात. “मूळ पाठव” म्हणालो तर उत्तर आलं, “डिलीट केला, फोन फुल झाला होता.” भिंतीवर शेवटी पाच बाय सातचा फोटो लागला, भोवती भलामोठा पांढरा माउंट लावून. काकू म्हणाल्या, “फ्रेम छान आहे हो.”

तेव्हापासून मी प्रिंटचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच मागवतो. ‘एचडी’ निवडलं तरी फोटो थोडा दाबला जातोच. आणि मूळ फोटोला हात लावायचा नाही, एडिट नेहमी कॉपीवर.

बाकीचं भराभर सांगतो.

चिमटीने झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, कारण कॅमेरा मागच्या उजेडाचा हिशोब धरतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथे पक्का होतो. मग उजेड हवा तसा वर-खाली करा.

नाइट मोडला फोन दोन-तीन सेकंद स्थिर लागतो. खांबाला टेकवा, हात हलवत “ॲप बोगस आहे” म्हणू नका.

ब्युटी मोड बंद. कायमचा.

लग्नात पोर्ट्रेट मोड (मागचं धूसर करणारा) लावलात तर मुंडावळ्या तपासा. पुढचं काय नि मागचं काय हे फोन अंदाजाने ठरवतो, आणि बारीक लडी अर्ध्या धूसर करून टाकतो. नवरा-नवरी बोहल्यावर आहेत तोवरच एक साधा फोटोही काढून ठेवा.

आणि ॲप कोणतं? फोनचा स्वतःचा कॅमेरा, एडिटला स्नॅपसीड. अँड्रॉइडवर शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील राहायचं) हाताने बदलायची हौस असेल तर ओपन कॅमेरा हे ॲप. माझ्या फोनात एवढंच आहे.