ड्युशेनसाठी मंडळात कार्यक्रम कसा करावा: निधी आणि जनजागृती

"मुलाचा मोठा फोटो लावा, आईच्या हातात माईक द्या, लोक रडले की पैसे आपोआप येतात." मुंबईत कुठल्याही मंडळाच्या बैठकीत हा सल्ला मिळतो. तो अजिबात ऐकू नका. त्या रात्री पैसे येतील, पण त्या घराला पुढची कित्येक वर्षं त्याच चाळीत, त्याच जिन्यावरून, त्याच शेजाऱ्यांसमोर काढायची आहेत. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणजे मुख्यतः मुलग्यांना होणारा, स्नायू हळूहळू झिजवणारा जनुकीय आजार. मी तो असलेल्या मुलांसाठी असे कार्यक्रम गिरणगावातल्या मंडळांपासून उपनगरातल्या सोसायट्यांपर्यंत करत आलोय. इतर दुर्मिळ जनुकीय आजारांसाठीही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी पैसे कशासाठी ते ठरवा. "उपचारासाठी मदत" एवढंच लिहिलेला फ्लेक्स कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही. खर्चाची यादी करा: रात्री पायात घालायचे स्प्लिंट, फिजिओथेरपी, स्टेरॉइड गोळ्या, हृदयाची नियमित तपासणी, व्हीलचेअर, आणि आई व मावश्यांच्या जनुकीय तपासण्या. प्रत्येकापुढे रक्कम लिहा. कोणीतरी हमखास म्हणेल, "अमेरिकेत इंजेक्शन निघालंय, त्यासाठीच गोळा करू." ती जीन थेरपी जून २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, किंमत ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये ती घेतलेल्या, चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तो निर्णय मुलाच्या डॉक्टरांचा आहे, मंडळाच्या बैठकीचा नाही. गल्लीतून गोळा होणाऱ्या पैशांत मुलगा आणखी काही वर्षं शाळेत जाऊ शकतो, आणि ते फार मोठं काम आहे.

निधी मागण्याआधी कुटुंबाला रिपोर्ट घेऊन परळच्या केईएम रुग्णालयात पाठवा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात केईएम हे विशेष केंद्र आहे आणि अशा केंद्रांमार्फत एका रुग्णाच्या उपचारासाठी ५० लाखांपर्यंत सरकारी मदतीची तरतूद आहे. पैसे हातात मिळत नाहीत आणि प्रत्येक अर्ज मंजूर होतोच असंही नाही, पण नाव नोंदलेलं असावं. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्डही काढून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्पष्ट आहे.

खातं वेगळं ठेवा. मंडळाच्या वर्गणीच्या खात्यात हे पैसे मिसळले की वर्षभर भांडणं होतात. मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या वरळीच्या कार्यालयात परवानगीची चौकशी आधी करा. गणपतीची वर्गणी जमवायला घेतलेल्या परवानगीत हे काम बसतं असं गृहीत धरू नका. फ्लेक्सवरच्या क्यूआरखाली खातेदाराचं नाव ठळक छापा आणि कार्यक्रमाच्या सकाळी स्वतः स्कॅन करून एक रुपया पाठवून बघा. मूळ क्यूआरवर दुसरं स्टिकर चिकटवून जाणारे लोक आहेत.

तारीख: ७ सप्टेंबर हा जागतिक ड्युशेन दिन. ज्या जनुकात बिघाड असतो त्याचे ७९ भाग आहेत, म्हणून सातवा दिवस आणि नववा महिना. मुंबईत तो बऱ्याचदा गणपतीच्या आगेमागे येतो (२०२४ मध्ये तर नेमकी चतुर्थीच होती), म्हणजे मंडप, माईक आणि माणसं तयार असतात. आरतीनंतरची पंधरा मिनिटं मागून घ्या. गणपतीत जमलं नाही तर फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, दुर्मिळ आजार दिन.

आता खरा अवघड भाग: आजार समजावणं. मला हा सगळ्यात उशिरा जमला आणि यावर कोणी धड सल्ला देत नाही.

अडचण अशी की ड्युशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एक्स आईकडून मिळतो. हे वाक्य मंडपात माईकवरून सरळ उच्चारलंत की पुढच्या रांगेतली सासू सुनेकडे बघते. "तरी मी म्हणत होते, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं." तिथून पुढे तुम्ही काय बोललात ते कोणाच्या लक्षात राहत नाही. एका ठिकाणी डॉक्टर पाहुण्यांनी वंशावळीची आकृती पडद्यावर दाखवली, शास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनचूक. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईने दार उघडलं नाही.

म्हणून क्रम बदला. सुरुवात मुलाच्या स्नायूंपासून करा. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन स्नायूच्या पेशीला प्रत्येक हालचालीत बसणारे धक्के झेलतं. स्कूटरचा शॉक ॲब्सॉर्बर गेला की प्रत्येक खड्डा थेट गाडीला लागतो, तसंच ते नसलेल्या स्नायूंचं होतं. चालताना, जिना चढताना ते झिजत जातात. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हे होतं. बहुतेक मुलांचं चालणं बाराव्या वर्षाच्या आसपास थांबतं, वेळेवर स्टेरॉइड सुरू केली तर ते काही काळ लांबवता येतं. पुढे हृदय आणि श्वासाच्या स्नायूंवरही परिणाम होतो, हेही सांगा, पण मुलगा समोर बसलेला असताना नाही.

मग लक्षण दाखवा, आणि ते स्वतः करून दाखवा. मुलाला स्टेजवर उठाबशा काढायला लावणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. तिथल्या तिथे थांबवायचं, मग समोर नगरसेवक असो की आणखी कोणी. सतरंजीवर मांडी घालून बसा. उठताना आधी पालथं व्हा, दोन्ही तळहात जमिनीवर टेका, कंबर वर उचला, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत उभे राहा. सोबत सांगा की पोटऱ्या टणक आणि फुगीर दिसतात, घरचे "पोरगं दणकट आहे" म्हणून खूश असतात. जिना चढताना कठडा धरतो, खेळताना सारखा पडतो, पळताना सगळ्यांच्या मागे राहतो. एवढं झालं की मंडपात कुजबुज सुरू होते. कार्यक्रम संपल्यावर एखादी काकू जवळ येऊन हळूच म्हणते, "माझ्या भाच्याचा मुलगा अस्साच उठतो हो." या एका वाक्यासाठी सगळा खटाटोप असतो. तिला सांगा: बालरोगतज्ज्ञांकडे जा, रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासायला सांगा. साधी रक्ततपासणी आहे. ते खूप वाढलेलं निघालं तर पुढची जनुकीय तपासणी. तोवर व्यायामशाळा नको, ताकदीची पावडर नको, "मोठा झाला की सुधारेल" तर मुळीच नको.

वारशाचा विषय सगळ्यात शेवटी आणि या क्रमाने: सुमारे एक तृतीयांश मुलांत जनुकातला हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईच्या रक्ताच्या तपासणीत तो सापडतच नाही. उरलेल्यांत आई वाहक असते, म्हणजे तो बदल तिच्या एका एक्सवर असतो, पण तिला बहुधा कसलाच त्रास नसल्याने ते तिलाही माहीत नसतं. कोणी काही खाल्लं, केलं, टाळलं म्हणून हे होत नाही. तुमच्याआमच्या सगळ्यांच्या अंगात असे काही बदल असतात, फक्त ते दिसत नाहीत. एवढं बोलून थांबा. वंशावळ काढू नका.

वंशावळ घरात काढायची, कार्यक्रमाच्या आधी. आई वाहक असेल तर तिच्या बहिणीही असू शकतात, आणि मावशीला हे लाऊडस्पीकरवरून कळता कामा नये. वाहक बाईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. मावशीचं लग्न ठरायचं असेल तर घरचे विषय दाबून टाकतात. तिथे तुम्ही बोलू नका, जनुकीय समुपदेशकाकडे पाठवा. फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरा. मुलाचा जनुकीय रिपोर्ट जपून ठेवा, कारण नेमका बदल माहीत असेल तरच मावशीची तपासणी सोपी होते. आणि वाहक ठरलेल्या बाईने स्वतःच्या हृदयाचीही तपासणी करून घ्यायची, हे तिला सहसा कोणी सांगतच नाही.

पैसे गोळा करणं यापुढे सोपं आहे. रोख घेतलीत तर जागेवर पावती द्या. दहाच्या आत लाऊडस्पीकर बंद. मुलाला यायचं असेल तर येऊ दे, मित्रांमध्ये बसू दे. फोटोची परवानगी त्याच्या आईवडिलांना विचारा आणि मुलालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी जमा-खर्च मंडळाच्या फळ्यावर लावा, पैसे थेट व्हीलचेअर विक्रेत्याला किंवा हॉस्पिटलला भरा, बिलाची प्रत त्याच फळ्यावर. आणि ज्या काकूने भाच्याच्या मुलाबद्दल सांगितलं तिचा नंबर घेतलेला असेलच. त्याच आठवड्यात फोन करा आणि सीपीके झालं का ते विचारा.