लॅगरपेटिडांबद्दल लिहिताना या चुका टाळा

वंशवृक्षाचे चित्र उचलण्याआधी त्याखालचे साल बघा. लॅगरपेटिड या नामशेष कुळाबद्दलच्या बऱ्याच चुका जुन्या चित्रातूनच येतात.

ट्रायासिक काळातले, म्हणजे सुमारे 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीचे, हे छोटे सरीसृप. बहुतेकांची लांबी मीटरभरसुद्धा नव्हती. 2020 पर्यंत त्यांना डायनासोरांच्या फांदीवर बसवले जाई, कारण हाती मुख्यतः मागचे पाय आणि कंबरेची हाडे होती आणि त्यांची ठेवण डायनासोरांच्या वळणाची होती. मग ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका आणि मादागास्करमधल्या कवट्यांचे तुकडे, दात, पुढचे पाय एकत्र अभ्यासले गेले. अर्जेंटिनाचे जीवाश्मशास्त्रज्ञ मार्टिन एस्कुरा आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनने मेंदूची पोकळी व आतला कान तपासला. तोल सांभाळणाऱ्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका टेरोसॉरांशी, म्हणजे उडणाऱ्या सरीसृपांशी जुळल्या, आणि हे कुळ टेरोसॉरांच्या फांदीवर गेले. पंख नसलेल्या प्राण्यात ही तयारी आधीच होती, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत सुंदर वळण वाटते. म्हणून 2020 आधीचे चित्र वापरायचे असेल, तर ते जुने मत आहे हे तिथेच लिहा.

पण लगेच ‘टेरोसॉरांचे पूर्वज’ असे मथळे देऊ नका. ही चुलत भावंडे आहेत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या हेडन खाणीतला ड्रोमोमेरॉन हा लॅगरपेटिड सुमारे 21 कोटी वर्षांपूर्वीचा. तोवर टेरोसॉर हवेत उडत होते. चुलतभावाला आजोबा म्हणून कसे चालेल?

नावांचा घोळ तर नेहमीचाच. लॅगरपेटॉन आणि लॅगोसुकस ही दोन्ही नावे सशावरून आली, दोन्ही अर्जेंटिनाच्या चान्यारेस खडकांतली आणि दोन्ही अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ आल्फ्रेड रोमर यांनी 1971 मध्येच दिलेली. लॅगरपेटॉन लॅगरपेटिड कुळातला, लॅगोसुकस मात्र डायनासोरांच्या बाजूचा. फोटोखालचे नाव दोनदा वाचा.

नावातल्या सशावर विसंबून चित्रात लॅगरपेटॉनला उड्या मारायला लावू नका. त्याच्या मागच्या पायाचे चौथे बोट सर्वांत लांब होते, हे हाडांवर दिसते. उडी मारण्याची कल्पना हे त्यावरून काढलेले एक अनुमान आहे.

आकारही जपून काढा. मादागास्करचा लॅगरपेटिड काँगोनाफॉन, वर्णन 2020 चे, उभा राहिला तरी जेमतेम 10 सेंटिमीटर उंच. दातांवरच्या खुणांवरून तो किडे खात असावा. शेजारी माणूस काढायचा असेल, तर फक्त त्याचा तळहात काढा.